गढूळ पाण्यातलं बोलणं

नौदलातली पंधरा वर्षांची नोकरी संपवून सुरेश कोचीहून बुऱ्हाणपूरला परत आला, तेव्हा रिक्षातून दोन लोखंडी पेट्या उतरल्या. त्याच्या आईला, सुमनताईंना, वाटलं खोबरं आणि मसाले असतील. पेट्या उघडल्या तर आत हवेची सिलिंडरं, रबरी नळ्या, काचेचे मास्क आणि बदकाच्या पायासारखे पंजे.

"हे काय आणलंस रे? आणि सगळं दोन-दोन?"

"एक माझं," सुरेश म्हणाला. "एक ताईचं."

कमल, त्याची थोरली बहीण, दारात उभी राहून दोघांचे ओठ बघत होती. सुरेशनं तिच्याकडे वळून तेच हातांनी सांगितलं. कमलनं आईकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. ती खूण सुमनताईंना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

कमल दीड वर्षाची असताना एका तापात तिचे कान गेले होते. ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा सरकारची एकात्म शिक्षणाची योजना नुकतीच गावात पोचली होती. ऐकू न येणाऱ्या मुलांना वेगळं न काढता सगळ्यांच्याच शाळेत बसवायचं, अशी ती योजना. कमलला पहिल्या बाकावर बसवलं गेलं. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि कमल त्यांची वेणी बघत बसे. पण आठवड्यातून एकदा खंडव्याहून प्रभाकर सर येत. योजनेत नेमलेले ते एकटेच, आणि त्यांच्यावर कितीतरी शाळा. त्या काळात बहिऱ्या मुलांनी हात हलवले की त्यांच्या हातावर पट्टी बसायची, कारण हात हलवले तर मूल तोंडानं बोलणार नाही असं सगळ्यांना वाटायचं. प्रभाकर सरांनी पहिल्याच भेटीत सुमनताईंना सांगितलं, "बोलायला शिकवू आपण. पण हिचे हात बांधू नका. हात बांधलेत तर ही खरंच मुकी होईल."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून आपल्या ओळखीच्या एका बहिऱ्या बाईंना घेऊन आले आणि त्यांना सुमनताईंच्या घरीच उतरवलं. सुट्टीभर त्या घरात सगळे हातांनी बोलत होते. सुमनताई स्वतः शाळेत शिकवायच्या, त्यांनी खुणा नीट पाठ केल्या. कमलला तर तहानलेल्याला पाणी मिळावं तसं झालं. पण सगळ्यांत झटपट शिकला तो धाकटा सुरेश. त्याला अजून धड बोबडंही बोलता येत नव्हतं, तेवढ्यात तो हातांनी भांडायलाही लागला. प्रभाकर सरांचं नाव निघालं की सुमनताई अजून हात जोडतात.

नौदलात सुरेश पाणबुड्या झाला. जहाजाचा तळ तपासायचा, बुडालेली वस्तू शोधायची, अडकलेला साखळदंड सोडवायचा, हे त्याचं काम. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, बोलता येत नाही. त्यासाठी पाणबुड्यांच्या ठरलेल्या मोजक्या खुणा असतात. ठीक आहे, थांब, वर चल, हवा संपली. त्याहून जास्त काही सांगायचं तर वर यावं लागतं. पहिल्याच आठवड्यात समुद्राच्या तळाशी सुरेशच्या मनात आलं, इथं ताई असती तर आम्ही बसून गप्पा मारल्या असत्या. ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. नोकरी संपताना एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथून त्यानं दोन संच उचलले.

कमल तेव्हा पस्तिशीची होती. कोर्टाजवळ एका दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल आता घरात कुणी काही बोलत नव्हतं. पाण्यात पोहता यायचं, ते तापीनं शिकवलेलं.

शाहपूरजवळ मामांची केळीची बाग होती आणि बागेत एक मोठं शेततळं. सुरेश तिला तिथं घेऊन गेला. सुमनताई काठावर छत्री घेऊन बसल्या. कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी. कमल पाण्यात उतरली, थोडी खाली गेली आणि दोन्ही हातांनी कान धरून तडक वर आली.

"कान दुखले!" तिनं हातांनी सांगितलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. आश्चर्य वाटल्यासारखा होता. "आई, माझे कान दुखले!"

ज्या कानांनी तिला आठवतं तेव्हापासून काही काम केलं नव्हतं, ते आहेत याची जाणीव तिला त्या दिवशी झाली. सुरेशनं नाक दाबून कानातला दाब कसा सोडायचा ते दाखवलं. पुन्हा ती खाली गेली. आणि तळाशी, निळ्या प्लास्टिकवर गुडघे टेकून, त्यांचं पाण्याखालचं पहिलं बोलणं झालं.

"आई वर काय करते?" कमलनं विचारलं.

"देवाचं नाव घेते."

"सांग तिला, मी मेले नाही."

"तूच वर जाऊन सांग. मला इथं बरं वाटतं."

हसताना कमलच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. वर आल्यावर तिनं आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि मग म्हणाली, "जमिनीवर मी सारखी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत असते. मान दुखते. खाली कुणाला तोंडच नसतं."

नंतर शेततळ्यावर जाणं दर रविवारचं झालं. सिलिंडरांत हवा भरून आणायला इंदूरला पाठवावं लागे, त्यामुळे कधी कधी रविवार चुके. कमल सुरेशकडून सगळं रीतसर शिकली. हवा किती उरली ते बघणं, घाई न करता वर येणं, जोडीदाराला कधीही न सोडणं. सुरेश म्हणायचा, पाणबुड्या एकटा उतरला की समज अर्धा बुडालाच.

बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षंच झाली होती. बचाव पथक होतं, त्यात चांगले पोहणारे होते, पण पाण्याखाली राहून काम करणारा कुणी नव्हता. सुरेश आल्याचं कळल्यावर त्याला बोलावणी येऊ लागली. कुणाच्या विहिरीत मोटर पडली, कुठं बंधाऱ्याचं दार अडकलं. पथकातल्या दोघांना त्यानं शिकवून बघितलं. उजेडात दोघं छान काम करायचे, पण गढूळ पाण्यात हात दिसेनासा झाला की घाबरून वर यायचे. शेवटी त्यानं कमललाच बरोबर नेलं.

पोलीस ठाण्याच्या टीआय साहेबांनी तिला बघून सुरेशला बाजूला घेतलं. "अहो, ह्या ऐकू शकत नाहीत ना? मतलब, काही झालं, आवाज दिला तर?"

"पाण्यात आवाज कोण देणार साहेब? तोंडात नळी असते."

साहेबांना हे पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी नको म्हटलं नाही.

आणि मग आश्विनात एक होडी बुडाली.

जैनाबाद नदीच्या पलीकडे. पुलावरून फेरा पडतो म्हणून बरेच लोक अजून होडीनं येत-जात. कौतिक नावाचा केळी लावणारा माणूस बुऱ्हाणपुरात बाजार करून संध्याकाळी परत निघाला होता. पावसाळा सरला होता, पण वरून पाणी सोडल्यामुळे तापी अजून भरलेली आणि लाल होती. मधोमध होडी कशाला तरी आपटली आणि कलंडली. बाकीचे पोहत काठाला लागले. कौतिक वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दिवसभर लोकांनी बुड्या मारल्या. काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कोळ्यांनी मोठे लोखंडी गळ आणले. दोरीला बांधून ते तळावरून ओढायचे, म्हणजे कपड्यात किंवा अंगात अडकून माणूस वर येतो. गळ होडीत चढवताना कौतिकची आई, सोजरबाई, पाण्यात कमरेइतकी आत गेली आणि होडी धरून उभी राहिली.

"गळ नका टाकू रे बाबांनो. माह्या लेकाचं आंग फाटंल. मले माहा लेक आख्खा पाहिजे."

तिला कुणी मागं ओढेना. कोळ्यांनी गळ खाली ठेवले. टीआय साहेबांनी सुरेशला फोन लावला.

राजघाटावर ही गर्दी होती. सुरेश आणि कमल पेट्या घेऊन उतरले तेव्हा लोकांनी वाट दिली. बाई पाण्यात उतरणार म्हटल्यावर कुजबुज झाली असेल, कमलला ती कळली नाही. तिनं सोजरबाईकडे एकदा बघितलं आणि पट्टा बांधायला सुरुवात केली.

होडी उलटली त्या जागेच्या जरा खाली दुसरी होडी नांगरली. तिच्यातून दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडला. त्या दोरीला धरून, तळ चाचपत, हळूहळू मोठा होत जाणारा गोल घ्यायचा, अशी ही शोधायची पद्धत. वरच्या माणसांशी बोलायचं ते दोरीला हिसके देऊन. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोडा, तीन म्हणजे ओढा.

खाली काहीही दिसत नव्हतं. टॉर्च लावला तर चहातून बघितल्यासारखा लाल उजेड आणि त्यात फिरणारी माती. सुरेशनं टॉर्च बंद करून टाकला. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात कमलचा हात.

इथं दुसरा कुणी जोडीदार असता तर त्याचं बोलणं तीन हिसक्यांवर संपलं असतं. पण हे दोघं लहानपणी एका खाटेवर झोपायचे, आणि तेव्हा बुऱ्हाणपुरात दिवे सारखे जायचे. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे कमलचं सगळं बोलणं बंद. ती चिडून रडायची. म्हणून सुरेशनं तिचा हात आपल्या हातात घेऊन त्याच खुणा तिच्या तळहातात, बोटांत, मनगटावर करायला सुरुवात केली होती. दिवे येईपर्यंत दोघं तसे बोलत पडायचे. ती सवय मोडली नव्हती.

बराच वेळ नुसती वाळू लागत होती. मग दगड. मग कमलच्या हातमोज्यात काहीतरी टोचलं.

"काटे," तिनं सुरेशच्या तळहातात सांगितलं. "झाड आहे. बाभूळ."

पुरात वाहून आलेलं अख्खं झाड तळाशी आडवं रुतलं होतं. होडी आपटली ती बहुतेक त्याच्याच एखाद्या वर आलेल्या फांदीवर. कमल फांद्यांमधून चाचपत पुढं गेली. कापड लागलं. पोतं असेल असं तिला वाटलं. मग कापडाच्या टोकाशी बोटं लागली.

ती थांबली. सुरेशला तिचा हात गच्च झालेला कळला.

"काय?"

"माणूस."

"नक्की?"

"त्यांचा हात धरलाय मी."

काही क्षण तिघंही तसेच होते. कमलनं नंतर आईला सांगितलं की तिला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण भीती वाटली नाही. एवढंच वाटलं की हा माणूस इतका वेळ इथं एकटा होता.

सुरेशच्या हातात दोरी होती. तीन हिसके दिले असते तर वरच्यांनी जोर लावून ओढलं असतं.

"ओढायला सांगू नको," कमलनं सांगितलं. तिनं माणसाच्या अंगावरून हात फिरवत खालपर्यंत तपासलं होतं. "डावा पाय जाळ्यात आहे. कुणाचं तरी तुटलेलं जाळं. त्याचे दोन वेढे, आणि जाळं फांदीला. ओढलं तर काट्यांत जाईल. मी कापते. तू वरून ये, डोकं धर. धार तुझ्याकडून येतेय, त्यांना वाहू देऊ नको."

एवढं सगळं तळहातात. सुरेशनं तिच्या मनगटावर दाबून 'समजलं' म्हटलं आणि तिच्याच खांद्याला धरत धारेच्या वरच्या बाजूला गेला. त्याच्या हाताला केस लागले. त्यानं डोकं आपल्या छातीशी धरलं. कमलनं सुरी काढून जाळ्याचा एक-एक दोरा चाचपत कापला. मधे एकदा तिनं सुरेशचा पाय दाबून विचारलं, "हवा?" त्यानं एक हात खाली नेऊन तिच्या मनगटावर सांगितलं, "आहे. घाई करू नको." तिनं घाई केली नाही.

पाय सुटला. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला काट्यांतून बाहेर घेतलं आणि हळूहळू वर आणलं.

पाण्याबाहेर डोकं येताच होडीतल्यांनी हात पुढं केले. सुरेश त्यांना काही सांगणार तेवढ्यात कमलनं त्याला थांबवलं आणि भरभर हात हलवले.

"ती म्हणते, आधी धोतर टाका अंगावर," सुरेशनं होडीतल्यांना सांगितलं. "चेहरा स्वच्छ करा. मग काठाला न्या."

तसंच केलं. काठावर सोजरबाई खाली बसली होती. मुलाला पुढ्यात ठेवल्यावर तिनं धोतराच्या आत हात घालून त्याचं डोकं, खांदे, हात, पाय, बोटंसुद्धा चाचपली. सगळं जागेवर होतं. मग ती रडायला लागली आणि तिच्याबरोबर सगळा घाट.

थोड्या वेळानं ती उठली आणि पाठीवर अजून सिलिंडर असलेल्या कमलचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलत राहिली. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते, ओठ आत गेलेले. कमलला त्यातलं काहीच वाचता येईना. तिनं सुरेशकडे बघितलं.

"म्हणते, तू तिच्या पोटची आहेस," सुरेशनं हातांनी सांगितलं. "म्हणते, सोन्यासारखा आणून दिलास."

कमलनं उत्तर दिलं, आणि सुरेशनं ते मोठ्यानं सांगितलं. "ताई म्हणते, चेहऱ्याला कुठं लागलेलं नाही. सगळ्यांना बघू द्या."

घाटावरचे लोक ते बोलणं बघत होते. कौतिकची बायको, मालूबाई, जरा मागं उभी होती. तिचे डोळे कोरडेठाक होते. तिच्या कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. एवढी मोठी मुलगी कडेवर, म्हणून कमलचं लक्ष गेलं. मुलगी बापाकडे बघत नव्हती. ती कमलच्या हातांकडे बघत होती. आणि तिचा एक हात, आईच्या खांद्यावर ठेवलेला, नकळत हलत होता.

घरी परतताना कमल म्हणाली, "त्या मुलीला ऐकू येत नाही."

"तुला कसं कळलं?" सुरेशनं विचारलं.

"सगळे एकदम रडायला लागले तेव्हा मी तुम्हा सगळ्यांची तोंडं बघितली. माणसं आवाजाकडे वळतात. ती वळली नाही."

पण ज्या घरात आत्ताच माणूस गेलंय तिथं जाऊन हे कसं बोलायचं? कमल टायपिंग करता करता मधेच थांबायची. सुमनताईंनी तिला सांगितलं, त्यांचे दिवस होऊ दे, मग मी येते तुझ्याबरोबर.

जायची वेळ आलीच नाही. तेरावं झाल्यावर एका दुपारी मालूबाईच त्यांच्या दारात उभी राहिली. डोक्यावर केळ्यांची टोपली आणि हाताला ती मुलगी.

"घर विचारत विचारत आली," ती म्हणाली. "सासूनं पाठवलं. आमच्या बागातली केळी हायेत. तुमच्या पोरीले द्या."

सुमनताईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. कमल दुकानातून जेवायला आलेली होती. मालूबाई तिच्याकडे बघून हात जोडून बसली आणि सुमनताईंना म्हणाली, "ह्यायले काय सांगू? मले तर ह्यायची बोली येत नही."

"तुम्ही सांगा. मी सांगते तिला," सुमनताई म्हणाल्या.

मालूबाईनं मुलीला जवळ ओढलं. मग एकदम म्हणाली, "हिचं नाव धुरपदा. हिच्या बापाच्या आजीचं नाव. आमी धुरपी म्हणतो, पण ही कधी वळूनच पाहत नही. आमाले पहिले वाटे, डोक्यानं कमी हाय. लोक म्हणत, घरीच ठेवा. हिच्या बापानं खूप दवाखाने केले, इंदूरले नेलं. मशीन लावलं कानाले, तिनं काढून फेकलं. मंग ते बी थकले. त्या दिवशी घाटावर मी तुमच्या पोरीले पाहिलं. ती बोलत व्हती आन् टीआय साहेब ऐकत व्हता. मले वाटलं, बाई, हे असं बी असतं?"

सुमनताईंनी सगळं कमलला सांगितलं. सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले, म्हणून शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

"हिले शिकवा," मालूबाई म्हणाली. "आन् मले बी. मी शाळा नही शिकली. पण माहे हात चालतात."

कमल उठली. मुलीच्या समोर जमिनीवर बसली. टोपलीतलं एक केळं घेऊन तिनं तिच्यापुढं धरलं, आणि मग एक बोट उभं करून त्यावरून साल सोलल्यासारखी खूण केली. धुरपदानं केळं घेतलं आणि खाल्लं. कमलनं दुसरं दिलं, पुन्हा खूण केली. धुरपदानं तेही खाल्लं. तिसरंही. मालूबाई ओशाळून म्हणाली, "घरी नुसती केळीच पडलेली असतात, तिथं नही खात."

त्या दिवशी एवढंच झालं.

पुढच्या रविवारी मालूबाई परत आली ती घाईघाईनं, दारातूनच बोलत. "व माय, ऐका! काल सकाळी मी पाणी लावत व्हती. ही बागात उभी. घडाकडे पाहे आन् असं करे." तिनं एक बोट उभं करून सोललं. "मंग दुसऱ्या झाडाकडे जाय, परत असं करे. साऱ्या बागाले सांगत फिरली! मी तिले धरलं आन् मी बी केलं. तं ती माह्या तोंडाकडं अशी पाहे... अशी पाहे..." नवऱ्याच्या प्रेतापाशी कोरडी राहिलेली ती बाई सुमनताईंच्या उंबऱ्यात बसून पहिल्यांदा पोटभर रडली.

धुरपदा जन्मल्यापासून केळीच्या बागेत वाढली होती, आणि केळीला नाव असतं हे तिला सहाव्या वर्षी कळलं. मग मात्र ती थांबायला तयार नव्हती. ती प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून कमलच्या हातांकडे बघायची. पाणी, बैल, चप्पल, आजी, पाल. रविवारी शेततळ्यावरून आल्यावर कमल आणि सुमनताई जैनाबादला जायच्या, मधे एखाद्या दिवशी मायलेकी इकडे यायच्या. सोजरबाई आधी लांबून बघायची. मग तीही येऊन बसू लागली आणि तिनं शिकलेली पहिली खूण होती 'जेवलीस का?'

इकडे शेततळ्यावरही माणसं वाढली. घाटावरची गोष्ट ज्यांनी बघितली होती त्यांनी दुसऱ्यांना सांगितली, आणि बुऱ्हाणपूरची, खकनारची ऐकू न येणारी तरुण मुलं सुरेशला शोधत आली. त्यात शोभा नावाची एक शिवणकाम करणारी मुलगी होती आणि लोटू नावाचा पॉवरलूमवर काम करणारा होता. सुरेशनं कोचीहून आणखी जुने संच मागवले. तो उपकरणं शिकवायचा, कमल पाण्यात बरोबर उतरायची. मामांच्या शेततळ्याच्या तळाशी गोल करून बसलेली ही मंडळी इतकं बोलायची की हवा अर्ध्या वेळातच संपायची. पुढं बचाव पथकानं कमलला आणि लोटूला पाणबुडे म्हणून रीतसर घेतलं. टीआय साहेबांनी स्वतः दोन खुणा शिकून घेतल्या होत्या. एक 'शाबास' आणि दुसरी 'चहा'. लोटू सांगायचा की पहिली ते चुकीची करतात, पण कुणी त्यांना सांगितलं नाही.

वैशाखात एका रविवारी कमल जैनाबादला गेली तेव्हा धुरपदा तिची वाट बघत बागेतल्या हौदाच्या कठड्यावर बसली होती. मोटरचं पाणी आधी त्या सिमेंटच्या हौदात पडायचं आणि तिथून बागेला जायचं. पाणी धुरपदाच्या छातीइतकं. मालूबाई जवळच घड उतरवत होती.

धुरपदाला आता वाक्यं येऊ लागली होती. आज तिच्या मनात काहीतरी मोठं होतं, कारण ती दोनदा हात उचलून खाली ठेवत होती. शेवटी तिनं विचारलं.

"बाबा नदीत होते. खाली. तू गेलीस. बाबा काय बोलले?"

मालूबाईचे हात थांबले. तिला प्रश्न समजला होता. ती कमलकडे बघत राहिली.

कमलनं खोटं सांगितलं नाही. "काही बोलले नाहीत. ते आधीच गेले होते. मी त्यांचा हात धरला. सुरेशनं त्यांचं डोकं धरलं. आम्ही दोघं त्यांना आईकडे घेऊन आलो."

"दुखलं त्यांना?"

"नाही."

धुरपदानं विचार केला. मग हनुवटीला हात लावून पुढं आणला. आभारांची ती खूण सोजरबाईनं तिच्याकडून करून घेतली होती, केळी नेणाऱ्या ट्रकवाल्यापासून ते शेजारणीपर्यंत सगळ्यांना ती करायची. पण आत्ता तिला कुणी सांगितलं नव्हतं. कमलनं तिचे हात आपल्या हातांत घेतले.

मुलीनं ते लगेच सोडवून घेतले. तिनं पाण्याकडे बोट दाखवलं, कमलला ओढलं, आणि दोघी कपड्यांसकट हौदात उतरल्या. दोघींनी नाक धरलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचं शेवाळ दिसत होतं. धुरपदानं नाक सोडलं, डोळे मोठे केले आणि घाईनं दोन खुणा केल्या, तोंडातून बुडबुडे सोडत. मग श्वास संपला आणि ती खोकत वर आली.

"काय म्हणे?" असं मालूबाईनं सवयीनं तोंडानं विचारलं. पण आजूबाजूला सांगणारं कुणी नव्हतं. सुमनताई घरात सोजरबाईपाशी बसल्या होत्या. मालूबाईनं विळा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि तोच प्रश्न लेकीला हातांनी विचारला.

धुरपदानं केस मागं सारत तिला तक्रार सांगितली. "ह्यात मासे नाहीत."

मालूबाईनं हौदात वाकून बघितलं, आणि मान हलवून आपल्या हातांनी सांगितलं, "आणू."